शलमोन उजागरे कोणत्या बाजूनं उठतो

भिंगारच्या बाजारात एक कुजबूज होती. ती पहिल्यांदा कुणी सोडली हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही, आणि उगाच माझ्याकडे बघू नका. कुजबूज अशी: शलमोन उजागरे ज्या बाजूनं उठतो, त्या बाजूचा पैलवान जिंकतो.

नवख्याला यातलं काही कळायचं नाही, म्हणून जरा उलगडून सांगतो. शलमोन उजागरे म्हणजे नगरच्या एका दैनिकाचा क्रीडा वार्ताहर. वय सत्तरीला टेकलेलं, अंगानं शिडशिडीत, शर्टाला कडक इस्त्री आणि गळ्यात निळ्या फितीला लटकवलेलं ओळखपत्र. आमच्या जिल्ह्यात गावोगावच्या यात्रांना कुस्त्यांचा हगामा भरतो. दुपारी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग नारळावरच्या, मग हळूहळू मोठ्या जोड्या, आणि सूर्य कलला की मानाची शेवटची कुस्ती. त्या कुस्तीतल्या दोन पैलवानांच्या दोन बाजू ठरलेल्या. एकाचे वस्ताद आणि गाववाले मैदानाच्या डाव्या अंगाला, दुसऱ्याचे उजव्या. मध्ये, अगदी मातीला लागून, खुर्चीवर शलमोन.

तर ती शेवटची कुस्ती लागते. हलगी कडाडते, माणसं बैलगाडीच्या साट्यांवर, झाडांवर चढून बसलेली, दोघा पैलवानांनी एकमेकांच्या मानेवर हात टाकलेले. आणि नेमका त्या घटकेला हा वार्ताहर उठतो. काखेत रेक्झीनची काळी बॅग मारतो आणि चालू लागतो. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. आता तुम्हीच सांगा. लग्नात अंतरपाट धरल्यावर भटजी उठून गेला तर तुम्ही काय म्हणाल?

थोड्या वेळानं तो परत येऊन बसतो, चेहरा असा की जणू चर्चमधून प्रार्थना करून आलाय. आणि मग, म्हणे, तो ज्या अंगानं गेला असेल त्या अंगाचा पैलवान जिंकतो.

म्हणे, असं मी म्हटलंय. लक्षात ठेवा.

शलमोनवर संशय घ्यायची भिंगारला तशी जुनी सवय आहे. त्याचा बाप लष्कराच्या मेसमध्ये खानसामा होता. जवानांची हॉकी बघत शलमोन वाढला, चर्चच्या तरुण मंडळींच्या संघातून लेफ्ट आऊटला खेळला, गुडघा दुखावला आणि छापखान्यात खिळे जुळवायला लागला. तिथल्याच दैनिकाच्या मालकाला खेळाची बातमी लिहायला कुणी मिळेना. क्रिकेट लिहायला सगळे तयार, पण पाथर्डीच्या उन्हात कबड्डीला कोण जाणार? शलमोन गेला. सायकलवर गेला, एसटीनं गेला, उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गेला. चाळीसेक वर्षं जातोय. मोबदला असा की त्यातून इस्त्रीचा कोळसा निघावा.

मग एक दिवस त्याच्या गळ्यात ते ओळखपत्र आलं. देशभरातल्या खेळाच्या पत्रकारांचं एक मंडळ आहे, अखिल भारतीय क्रीडावार्ताहर मंडळ, कचेरी दिल्लीला. शलमोन दरसाल कात्रणं जोडून अर्ज करायचा, दरसाल नकार यायचा, एकदा होकार आला. एवढंच. पण आमच्या बाजारात एवढंच कुणाला पुरतं?

"दिल्लीवाले भिंगारच्या माणसाला कशाला घेतील हो?" एक जण म्हणाला.

"काहीतरी दिलं असेल त्यानं."

"काय देणार? सायकल?"

"तेच तर म्हणतो! काही न देता घेतलं म्हणजे आणखी वाईट."

माझं भिंगारच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आता घड्याळं कुणी दुरुस्त करत नाही, त्यामुळे दुकानात बसायला जागा भरपूर. गावातली अर्धी बातमी माझ्या बाकावर जन्मते आणि उरलेली तिथं मोठी होते. कानिफनाथ रोज येतो. कानिफनाथ म्हणजे टेम्पोवाला, मूळचा पाथर्डीकडचा. टेम्पोचा धंदा आणि पैज लावायचा छंद, का उलटं, ते मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. हगाम्यात कोण जिंकणार यावर तो नारळापासून बोकडापर्यंत काहीही लावतो. शलमोनच्या उठण्याचा हिशोब पहिल्यांदा लावला तो यानंच, असं माझं ठाम मत आहे. त्याचं ठाम मत आहे की तो मी लावला.

"काका, तुमी नीट बघा," कानिफनाथ बाकावर मांडी घालून म्हणायचा. "त्यो मानूस मैदानात तासभर आधी येतो. आल्या आल्या काय करतो? समद्या मैदानाला चक्कर मारतो. मातीकडं बघत न्हाई, पैलवानाकडं बघत न्हाई. आजूबाजूच्या वावराकडं बघतो. कशापाई?"

"शेतीची आवड असेल."

"अन् च्या पीत न्हाई. कारभाऱ्यानं सोताच्या हातानं कप दिला तरी नगं म्हनतो. आधी लई प्यायचा. दोन सालापासून बंद. ज्याला बाहेरून मिळतं त्याला कुनाचा च्या कशाला लागतोय?"

हे मात्र मीही पाहिलं होतं. शलमोन आणि चहाला नाही म्हणणार? हा माणूस पूर्वी चहासाठी सामना थांबवेल असा.

"अन् ती बॅग!" कानिफनाथचा आवाज इथं हमखास खाली यायचा. "हात लावू देत न्हाई. मी एकदा म्हनलो, द्या सर, टेम्पोत ठिवतो. अशी छातीशी धरली जशी काय लेकरू. काका, त्यात दुसरा मोबाईल हाय. न्हाईतर नोटा. त्याबिगर मानूस बॅग अशी धरत न्हाई."

मी काही बोललो नाही. मी कधीच काही बोलत नाही, फक्त संध्याकाळपर्यंत आणखी चारजणांना विचारतो, "बॅगेत काय असेल हो?"

आता या सगळ्यात नड अशी झाली. मंडळाचा एक रिवाज आहे. दरसाल तालुक्याच्या किंवा लहान गावच्या एका जुन्या वार्ताहराला ते आपल्या खर्चानं एखाद्या मोठ्या स्पर्धेला पाठवतात, थेट पत्रकार कक्षात बसवतात. गेल्या साली नाव निघालं शलमोनचं, आणि स्पर्धा होती हॉकीची. परराज्यात, निळ्या मैदानावर. ज्या माणसानं जन्मभर हॉकी कुंपणाच्या तारेला नाक लावून पाहिली, त्याला आता काचेमागच्या खुर्चीत बसायचं होतं. बातमी आली त्या दिवशी तो माझ्या दुकानात आला आणि कधी नव्हे ते बाकावर बसला. म्हणाला, "नाना, एकदा तिथं बसून पाहायचं. मग काही मागणं नाही."

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. मंडळाच्या कचेरीतून कुणीतरी होतं. शलमोन उठून दाराशी गेला आणि हळू आवाजात बोलू लागला. आता माणूस हळू बोलू लागला की ऐकणं भागच पडतं. तो विचारत होता, "खुर्ची दाराच्या जवळची मिळेल का? ... नाही, नाही, समोरची नको. कडेची. ... दारातून बाहेर पडलं की डावीकडे काय आहे? ... आणि उजवीकडे?"

फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

मी कानिफनाथला सांगितलं. सांगायलाच हवं होतं, ही सार्वजनिक महत्त्वाची गोष्ट होती.

"बगा!" कानिफनाथ बाकावरून उठलाच. "तिथंबी उठायची तयारी! काका, ह्यो तर देशपातळीवरचा निगाला!"

आणि मग नेवासा तालुक्यातल्या एका हगाम्यात घात झाला. शलमोन उजवीकडून उठला. कानिफनाथनं उजव्या अंगाच्या पैलवानावर आपला बोकड लावला. आणि जिंकला डावा. बोकड गेला. असा घरचा, पाळलेला, नाव ठेवलेला बोकड.

पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या कचेरीत निनावी तक्रार पोचली की भिंगारचे सदस्य उजागरे सट्टेवाल्यांना इशारे देतात, आणि इशारे खोटेही देतात, त्यामुळे एका गरिबाचा बोकड गेला. निनावी तक्रारीत बोकड घालणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच. पण गंमत बघा, चोरी केली म्हणून तक्रार नाही. चोरी प्रामाणिकपणे केली नाही म्हणून तक्रार.

दिल्लीला बोकडाचं हसू आलं नाही. मंडळानं कळवलं, चौकशी होईल. आरोपात तथ्य आढळलं तर हॉकीचं रद्द, आणि ओळखपत्रही परत घेतलं जाईल. शलमोनच्या गळ्यातली ती निळी फीत काढा, मग मैदानाच्या कडेला बसलेला तो एक म्हातारा, दुसरं काही नाही. हे त्यालाही माहीत होतं, आम्हालाही.

चौकशीला आले मेहताब इनामदार. सोलापूरचे, मंडळाचे विभागीय सचिव. शलमोनपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असतील. जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला शबनम पिशवी, बोलणं मोजकं. बसमधून उतरून पत्ता विचारायला ते नेमके माझ्या दुकानात आले, आणि पाहुण्याला घरापर्यंत सोडणं हा आपला धर्म आहे.

शलमोनच्या घरी एलिझाबेथ वहिनी. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. आवाज असा की इंजेक्शन द्यायच्या आधीच रोग्यानं बरं व्हावं. त्यांनी दोन कप चहा आणला. शलमोनला दिलाच नाही.

"उजागरे चहा घेत नाहीत?" इनामदारांनी विचारलं.

"हगाम्याला जायच्या दिवशी नाही," वहिनी म्हणाल्या.

"का?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं. "ते त्यांनाच विचारा," वहिनी म्हणाल्या, "मला शपथ घातलीये. तीस वर्षं लोकांना सलाईन लावलं, पण असा हट्टी रोगी..." आणि तिथंच थांबल्या.

रोगी! माझा चहा कपातच राहिला. कसला रोगी? जुगाराचा? इनामदारांनीही चष्मा सारखा केला. शलमोन म्हणाला, "एसटी चुकेल. निघू या."

"तुम्ही शेवटच्या कुस्तीला का उठता, हे आत्ता सांगितलंत तर जायचीही गरज नाही," इनामदार म्हणाले.

"मी गैर काही केलेलं नाही."

"हे उत्तर नाही."

"माझ्याकडे एवढंच आहे."

एसटी चुकलीच. मग गेलो कसे? कानिफनाथच्या टेम्पोतून. आरोपी, चौकशी करणारा आणि तक्रारदार एकाच टेम्पोत, आणि साक्षीदार म्हणून मी. कानिफनाथ आपणहून आला होता, म्हणाला, "सायबांची गैरसोय नगं." रस्ताभर त्यानं टेम्पोतला टेप जोरात लावला होता. नवा होता, त्याचा त्याला फार अभिमान.

गाव श्रीगोंदा तालुक्यातलं. यात्रा समितीचे कारभारी फेटा सावरत पुढे आले. नाव कारभारी आणि कामही कारभाऱ्याचं. इनामदारांना नारळ दिला, मानाची खुर्ची दिली, चहा दिला. इनामदारांनी चहा ओठाला लावून हळूच खाली ठेवला. मी पाहिलं. पण म्हटलं, सोलापूरच्या माणसाला आमचा चहा गोड लागत असेल.

शलमोन आल्या आल्या मैदानाला चक्कर मारून आला. वावराकडे बघत. इनामदार त्याच्याकडे बघत. कानिफनाथ दोघांकडे बघत. मी तिघांकडे. कुस्त्या कुणीच बघत नव्हतं.

शेवटची जोड लागली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. डाव्या अंगाला श्रीगोंद्याचा पैलवान, उजव्या अंगाला नेवाशाचा. दोघेही तुल्यबळ. अशा जोडीत सुरुवातीला बराच वेळ खडाखडी चालते. एकमेकांच्या हाताला हात, मानेला मान, ताकद जोखणं. पुकारणारा लाऊडस्पीकरवर ओरडत होता, "हलगीवाले, वाजवा, झोपू नका!"

आणि शलमोन उठला. बॅग काखेत. डावीकडून.

माझ्या शेजारी कानिफनाथच्या तोंडातून एक आवाज निघाला, तव्यावर पाणी पडावं तसा. तो तसाच गर्दीत घुसला. मागाहून कळलं, त्यानं टेम्पोतला टेप श्रीगोंद्याच्या पैलवानावर लावला.

मग इनामदार उठले. तेही डावीकडून, शलमोनच्या मागोमाग, जरा घाईघाईनंच. मला वाटलं, हाच तो क्षण, रंगेहाथ पकडायला निघाले. मग मी उठलो. सत्य काय आहे ते पाहायला कुणीतरी तिसरा नको का?

डाव्या अंगाला मैदान संपतं तिथं बांध होता आणि बांधापलीकडे उभा ऊस. शलमोन उसाच्या कडेला गेला. इनामदारही गेले. मी बांधाला वळसा घालून आत शिरलो आणि पाचटात एका पायावर उभा राहिलो, कारण दुसरा टाकला असता तर कुरकुरलं असतं. समोर दोन पाठी. शेजारी शेजारी, मध्ये हातभर अंतर. दोघांच्या माना खाली. म्हटलं, आता पाकीट निघणार. इनामदारही त्यातलेच निघाले! दिल्लीपर्यंत साखळी!

मग इनामदारांचा आवाज आला. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होत आली," शलमोन म्हणाला.

"मला तीन. दुपारी बरं असतं. बसून उठलं की हाल."

"तीन-चार तास खुर्चीत बसल्यावर शेवटच्या कुस्तीपर्यंत दम निघत नाही. खडाखडी चालू आहे तोवर जाऊन यायचं, म्हणजे काही चुकत नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"घरातच डॉक्टर आहे. रोज म्हणते ऑपरेशन करा. करणार कुठं? तिच्याच दवाखान्यात. तिथली पोरंपोरी मला वाकून नमस्कार करतात, साहेब. आणि भिंगारात कळलं की संपलो. तिथं एक घड्याळवाला नाना आहे. त्याच्या कानावर गेलं की दुसऱ्या दिवशी माझं नवं नाव पडलं म्हणून समजा, आणि ते थडग्यावरच्या दगडापर्यंत पुसायचं नाही."

मी पाचटात उभा. पायाला मुंग्या.

"आणि सट्टेबाज म्हणतात ते चालतं?"

"सट्टेबाजाला लोक दबकून असतात, साहेब. याला हसतात."

इनामदार म्हणाले, "बॅग उघडा."

शलमोननं ती काळी बॅग उघडली. मान लांब करून मीही पाहिलं. आत घडी घातलेली एक पँट होती. आणि एक पंचा. इनामदारांनी आपली शबनम पिशवी उघडून पुढे धरली. तिच्यात पायजमा होता.

हसले नाहीत दोघेही. मला मात्र हसू दाबताना शिंक आली, आणि नेमकी त्याच वेळी मैदानातून अशी आरोळी उठली की उसातले पक्षी उडाले. हलगी थांबली, पुन्हा दुप्पट वाजू लागली. कुस्ती झाली होती. नेवाशाच्या पैलवानानं खडाखडीतच ढाक डाव लावून श्रीगोंद्याच्याला चितपट केलं होतं, म्हणे. म्हणे, कारण आम्हा तिघांपैकी कुणीच ते पाहिलं नाही. राष्ट्रीय मंडळाचे दोन सदस्य, आणि तालुक्यातली सालातली सगळ्यात मोठी कुस्ती दोघांनीही उसाकडे तोंड करून घालवली.

"झालं," इनामदार म्हणाले. "मी वैद्यकीय कारण लिहून देतो, विषय संपला. तुम्ही हॉकीला जा."

शलमोननं गळ्यातली निळी फीत डोक्यावरून काढली. ओळखपत्र त्यांच्यापुढे धरलं. "कारण लिहिणार असाल तर हे घेऊन जा."

"अहो, वेड लागलंय का? हॉकी जाईल. हेही जाईल."

"तुमच्या कचेरीतून ते बाजारात यायला किती वेळ लागतो? मी पाहिलंय, तक्रारीतला बोकड माझ्या आधी भिंगारला पोचला होता."

"आणि कारण नाही लिहिलं तर मी काय लिहू? उठले, ऊस पाहून आले?"

शलमोनचा हात तसाच पुढे राहिला. इनामदारांनी ओळखपत्र घेतलं आणि पिशवीत पायजम्यावर ठेवलं. "सकाळी बघू," म्हणाले.

परतीच्या वाटेवर टेम्पो अगदी शांत होता. टेप नेवाशाकडे गेला होता.

रात्री इनामदार शलमोनकडेच राहिले. सकाळी सोलापूरच्या बसची वाट बघत ते माझ्या बाकावर बसले होते. कानिफनाथही होता, तोंड सुजवून. मी आजचं दैनिक पुढे केलं. आतल्या पानावर शलमोनची बातमी होती. रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सगळं नीट, कुणी कुणाला कोणत्या डावावर पाडलं ते. आणि शेवटी असं छापलं होतं: "मानाच्या कुस्तीत नेवाशाच्या पैलवानाने विजय मिळवला. निर्णायक डाव पडला तेव्हा प्रस्तुत वार्ताहर जागेवर नव्हता. तो ढाक होता असे उपस्थितांनी सांगितले."

इनामदारांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे असं लिहायला कुणी सांगितलं त्यांना?"

"कुणी सांगणार?" मी म्हटलं. "असंच लिहितो तो. मागं एकदा राहुरीला पावसानं चष्मा धुकटला तर तेही लिहिलं होतं. मालक शिव्या घालतो."

"आम्ही सगळेच लिहितो हो न पाहिलेलं. दोघांना विचारायचं आणि ठोकून द्यायचं, 'विजेच्या चपळाईनं' वगैरे," इनामदार म्हणाले. मग कानिफनाथकडे बघून, "सट्टेवाल्यांचा माणूस पेपरात छापेल का, की मी जागेवर नव्हतो?"

"लई हुशार हाय त्यो," कानिफनाथ म्हणाला. "बगितलंच न्हाई म्हनलं, म्हंजी पुरावाच न्हाई. अन् साहेब, एक इचारतो. काल तुमीबी डावीकडूनच उठला ना? दोगं एकाच बाजूनं उठलं की ते कटाप होतं का? म्हंजी वजा?"

इनामदारांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि माझ्याच बाकावर बसून निकाल लिहिला: सदस्य उठून गेले तेव्हा मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो व पूर्ण वेळ त्यांच्या शेजारी उभा होतो, आक्षेपार्ह काही आढळले नाही, जे त्यांनी केले तेच मीही केले. मग पिशवीतून निळी फीत काढून माझ्या हातात दिली. "त्यांना द्या. म्हणावं, कारण लिहिलेलं नाही."

बस लागली. चढण्यापूर्वी मात्र मागे वळून मला म्हणाले, "उसात शिंक कुणाची होती हो?"

मी म्हटलं, "कोल्हा असेल."

शलमोन हॉकीला जाऊन आला. कडेची खुर्ची मिळाली होती, दाराला लागून. चारही सामने पाहिले, प्रत्येक गोल जागेवर बसून, आणि तिथून आल्यावर त्यानं ऑपरेशनही करून घेतलं. वहिनींच्याच दवाखान्यात, हर्नियाचं म्हणून सांगून. मी तोंड उघडलं नाही. त्याचा परिणाम असा झाला की कानिफनाथ आता माझ्याकडेच तिरपा बघतो. "काका, उसातनं आल्यापास्नं तुमी त्याच्याबद्दल काईच बोलत न्हाई. तुमाला किती मिळालं?" बाजारात दोघा-तिघांनी मान डोलावली म्हणे. मी गप्प बसलो याचा अर्थ माझाही वाटा आहे, असं आता भिंगारचं पक्कं मत आहे.

परवा शलमोन दुकानात आला. मी चहा मागवला. त्यानं घेतला, दुसराही घेतला. म्हणाला, "नाना, उसात शिंकला होतास ना?"

"मी? छे."

"सव्वा वर्ष कुणाला बोलला नाहीस. तब्येत बरी आहे ना तुझी?"

"दमलोय मी," मी म्हटलं. "फार जड जातंय."

"मग सांगून टाक. मी बरा झालोय. आता हसू देत."

परवानगी मिळाली, म्हणून सांगतो. शलमोन उजागरेला प्रोस्टेटचा त्रास होता. हगाम्याच्या मैदानाला मुतारी नसते. ज्या बाजूला ऊस उभा असायचा, त्या बाजूनं तो उठायचा.